ओरेगॉनच्या किनाऱ्यावर : एक शोध, एक माघार

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगॉन राज्यात, पोर्टलंड शहराच्या दक्षिणेला बीव्हरक्रीक नावाचे एक लहानसे गाव आहे. 3 मे 2000 रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी या गावाजवळच्या झाडीत एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. बादलीत काही पुस्तके, चित्रफिती, एक गलोल, थोडे पैसे आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक बंद डबा अशी किरकोळ सामग्री होती. आदल्याच दिवशी अमेरिकी सरकारने उपग्रहांच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळलेली अशुद्धता काढून टाकली होती. शंभर मीटरपर्यंत चुकणारी यंत्रे एका रात्रीत दहा-वीस मीटरांच्या अचूकतेवर आली होती. ही अचूकता कितपत खरी, हे ताडून पाहण्यासाठी अल्मर यांनी बादलीचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि काही दिवसांतच लोकांनी ती शोधून काढली. त्या बादलीतून जिओकॅशिंग हा खेळ जन्माला आला. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत.

लपवलेल्या डब्याला तिकडे ‘कॅश’ म्हणतात. व्यापारी कानाला हा शब्द रोकडीचा वाटला तरी तो निराळा आहे. तो मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ दडवून ठेवलेला साठा असा होतो. परंतु या खेळाचा मुख्य नियम मात्र कोणत्याही पेढीवर शोभावा असा आहे. डबा सापडला की आतील वहीत नाव आणि तारीख लिहावी. आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तू आत ठेवावी. मग डबा जिथे होता तिथेच, जसा होता तसाच ठेवून निघावे. देखरेखीला कोणी नसते, पावती नसते, आणि तरीही बहुतेक डब्यांतला व्यवहार वर्षानुवर्षे चोख चालतो. अचौर्यव्रताचा असा सहज सराव खेळातून घडतो, हे नोंदवण्याजोगे आहे.

सोलापूरचे एक कापडव्यापारी दांपत्य मे महिन्याच्या अखेरीस पोर्टलंडजवळ राहणाऱ्या मुलाकडे गेले असता, अकरा वर्षांच्या नातीने आणि सात वर्षांच्या नातवाने त्यांना या खेळासाठी समुद्रकिनारी नेले. ठिकाण होते कॅनन बीच. पोर्टलंडपासून ते सुमारे 130 किलोमीटरवर आहे. किनाऱ्याला समांतर जाणारी डोंगररांग ओलांडून, उंच सूचिपर्णी वृक्षांच्या दाटीतून रस्ता एकदम समुद्राकडे उतरतो. 1846 मध्ये कोलंबिया नदीच्या मुखाशी ‘शार्क’ नावाचे युद्धनौकेच्या ताफ्यातील जहाज फुटले. त्याची एक तोफ दक्षिणेकडे वाहत येऊन किनाऱ्याला लागली, आणि त्या तोफेवरून गावाला नाव मिळाले. नाव तोफेचे असले तरी गाव अत्यंत शांत आहे.

या किनाऱ्याची एक गोष्ट भारतीय पाहुण्यांना विशेष वाटावी. ओरेगॉनचा सुमारे 580 किलोमीटरचा संपूर्ण समुद्रकिनारा सर्वांसाठी खुला आहे. 1913 मध्ये राज्यपाल ऑस्वल्ड वेस्ट यांच्या पुढाकाराने ओल्या वाळूचा पट्टा कायद्याने सार्वजनिक हमरस्ता ठरला. 1967 च्या कायद्याने कोरड्या वाळूवरील लोकांचा हक्कही सुरक्षित केला. कितीही धनवान मनुष्याला तिथे वाळूवर कुंपण घालून ‘हे माझे’ म्हणता येत नाही. अपरिग्रहाचे तत्त्व राज्याच्या कायद्यात अशा रीतीने उतरलेले क्वचितच दिसते.

वसंत आणि उन्हाळ्यात येथील मोठी ओहोटी पहाटेच्या सुमारास असते. त्यामुळे मंडळी अंधारातच निघाली. गावाच्या वेशीवर पोचताना सूर्य उगवून पाऊण तास होत आला होता, आणि नवकारशीची वेळ पुरी होईपर्यंत आजी गाडीतच माळ जपत बसल्या. धुके दाट होते. धुक्यातून प्रथम पाय दिसले, मग तपकिरी माना, आणि पाहता पाहता रस्त्याकडेच्या गवतावर रूझवेल्ट एल्क जातीच्या हरणांचा कळप स्पष्ट झाला. या जातीचे नर तीन-चारशे किलोंचे होतात. या कळपात माद्याच होत्या, आणि एकीच्या पोटाखाली नुकतेच जन्मलेले, अजून पाय सावरू न शकणारे पाडस होते. मुलाने गाडी दूर थांबवली व कोणालाही दार उघडू दिले नाही. पाडस जवळ असताना मादी माणसावर धावून जाते, एवढे तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. दहा मिनिटांनी कळप आपणहून गवतापलीकडे उतरला. डब्यांच्या शोधाला निघालेल्यांच्या यादीत हरणे नव्हती.

कॅनन बीचचा मानबिंदू म्हणजे हेस्टॅक रॉक. गवताच्या गंजीसारखा दिसणारा, 235 फूट उंचीचा काळा खडक वाळूतून सरळ वर उठलेला आहे. आजोबांनी त्याला पाहताच ‘हा तर आपला कातळ’ असे उद्गार काढले, आणि ते चुकीचे नव्हते. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी शेकडो किलोमीटर आत, जमिनीच्या भेगांतून उसळलेला लाव्हा वाहत समुद्रापर्यंत आला आणि त्याचा हा बेसॉल्ट झाला. महाराष्ट्राचे पठारही अशाच, परंतु त्याहून पुष्कळ जुन्या, लाव्हाच्या थरांचे बनलेले आहे. वेरूळची 30 ते 34 क्रमांकांची जैन लेणी याच जातीच्या दगडात कोरलेली आहेत. सोलापूरच्या माणसाला सातासमुद्रापलीकडे घरचा दगड भेटावा, यात नवल असले तरी भूगर्भशास्त्राला ते नाही.

त्या सकाळचा पहिला शोध डब्याविनाचाच होता. 2004 पासून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या सहकार्याने या खेळात ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार सुरू झाला. त्यात काहीही पुरलेले किंवा लपवलेले नसते. ठरलेल्या जागी जावे, खडक, वाळू किंवा प्रवाह लक्षपूर्वक पाहावा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवावीत. जिथे डबा ठेवल्याने जीवसृष्टीला धक्का पोचेल तिथे हा प्रकार सोयीचा पडतो. किनाऱ्यालगतचे बहुतेक सुटे खडक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात मोडतात, त्यांच्यावर चढण्यास मनाई आहे. हेस्टॅक रॉकच्या पायथ्याचा भाग संरक्षित सागरी उद्यान असून तिथून एक शिंपलाही उचलता येत नाही.

ओहोटीने उघड्या पडलेल्या त्या पायथ्याशी, खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते. एकेका खळग्यात एकेक वस्ती असते. जांभळे आणि नारिंगी तारामासे कातळाला घट्ट धरून बसलेले असतात. पाचूच्या रंगाची समुद्रफुले पाण्याखाली उमललेली असतात आणि पाणी ओसरले की मिटून चिकट गोळ्यासारखी होतात. दुसऱ्याचा रिकामा शंख पाठीवर घेऊन साधू खेकडे फिरत असतात. आणि जिथे काहीच नाही असे वाटते त्या करड्या, खरखरीत पृष्ठभागावर हजारो बार्नॅकल असतात. तांदळाच्या ढिगासारखे दिसणारे हे पांढरे शंकू म्हणजे एकेक जिवंत प्राणी. पाय ठेवला की कवच फुटते आणि आतला जीव संपतो.

पाठशाळेत जीवविचार शिकलेल्या नातीला शंख आणि कवडी हे द्वींद्रिय जीव म्हणून पाठ होते. पण पाठ असणे निराळे आणि पुढच्या पावलाखाली असणे निराळे. ‘ताई, मग पाय ठेवायचा कुठे?’ असे धाकट्याने विचारले, तेव्हा तिने नुसत्या वाळूचा एक पट्टा बोटाने दाखवला. साधू-साध्वी ईर्यासमिती पाळताना समोरची चार हात जमीन पाहून चालतात, हे सर्वांना माहीत आहे. त्या सकाळी त्या कुटुंबाने प्रत्यक्ष तसे चालून पाहिले. पन्नास पावलांचे अंतर कापायला वीस मिनिटे लागली. या खडकाशी 1985 पासून एक जनजागृती उपक्रम चालतो. त्याचे स्वयंसेवक येणाऱ्यांना दुर्बिणी देतात आणि पाय कुठे ठेवावा हेही सांगतात. वाळूवर किंवा नुसत्या उघड्या दगडावर, असे त्यांचे थोडक्यात उत्तर असते. नातीने ते न सांगता ओळखले होते.

त्याच दुर्बिणीतून पफिन दिसले. एप्रिल ते ऑगस्टच्या दरम्यान हे पक्षी खुल्या समुद्रावरून येऊन खडकाच्या माथ्यावरील मातीत बिळे करतात व त्यात एकच अंडे घालतात. काळे अंग, पांढरा चेहरा, जाड नारिंगी चोच आणि डोळ्यांमागे मागे फिरवलेल्या पिवळ्या पिसांचे झुपके असतात. उडताना पंखांची फडफड इतकी घाईची की पक्षी उडत आहे की पडत आहे हे कळू नये. आजींनी दुर्बीण अर्धा तास कोणाला दिली नाही.

दुपारी मंडळी गावाच्या उत्तरेकडील इकोला उद्यानात गेली. ‘इकोला’ या नावाला एक व्यवहार चिकटलेला आहे. जानेवारी 1806 मध्ये या किनाऱ्याला एक मृत देवमासा लागला. लुइस-क्लार्क मोहिमेतील विल्यम क्लार्क तो पाहण्यास आले. वाटाडी म्हणून प्रसिद्ध असलेली सॅकाजविया ही आदिवासी स्त्री, इतका दूर येऊन मोठे पाणी आणि तो मोठा मासा न पाहता परतणार नाही, असे सांगून त्यांच्याबरोबर आली. क्लार्क पोचले तेव्हा सांगाडाच उरला होता. टिलामुक लोकांशी घासाघीस करून त्यांनी सुमारे तीनशे पौंड चरबी विकत घेतली. चिनूक भाषेत देवमाशासाठी असलेल्या शब्दावरून त्यांनी तिथल्या ओढ्याला इकोला हे नाव दिले. दोनशे वर्षांपूर्वी येथे देवमाशाचा भाव त्याच्या चरबीवरून ठरत होता.

आज त्याच कड्यावर लोक केवळ त्याचा श्वास पाहायला उभे राहतात. करडे देवमासे मेक्सिकोच्या बाहा किनाऱ्यावरील उथळ खाड्यांत पिलांना जन्म देतात आणि उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाकडील समुद्रात चरायला जातात. जाण्या-येण्याचा हा प्रवास सोळा हजार किलोमीटरांच्या वर भरतो. शिकारीने ते संपत आले होते. 1946 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर त्यांना संरक्षण मिळाले, आणि 1994 मध्ये पूर्व पॅसिफिकमधील हा समूह अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळण्याइतका सावरला. मेअखेरीस सर्वांत मागून जातात त्या पिलांसह माता. त्या किनाऱ्याला धरून, पिलाच्या वेगाने जातात. कड्यावरून एक उंच फवारा आणि त्याच्या कुशीत एक आखूड फवारा असे तीनदा दिसले. नातवाला पाठ दिसली नाही म्हणून तो हिरमुसला. मोठ्यांना फवारे पुरेसे वाटले.

डबाही सापडला. पायवाटेपासून थोडे आत, एका पडलेल्या सिट्का स्प्रूसच्या मुळांत सालींखाली झाकलेली हिरवी लोखंडी पेटी होती. अशा पेट्या मुळात सैन्यात बंदुकीच्या गोळ्या ठेवण्यासाठी बनतात. पाणी आत जात नाही म्हणून खेळाडू त्या जुन्या बाजारातून घेतात. या पेटीत काचेच्या गोट्या, एक रंगीत खडू, एक छोटा दोरा आणि वही होती. नातवाला आत खाखरा ठेवायचा होता. अन्न ठेवू नये असा नियम आहे, कारण वासाने अस्वल किंवा रॅकून येतात, पेटी फोडतात आणि प्लॅस्टिकही गिळतात. शेवटी सोलापुरी चादरीच्या तुकड्याची आजींनी शिवलेली चिमुकली पिशवी आत गेली आणि एक गोटी बाहेर आली. आजोबांनी वहीत देवनागरीत सही केली. गोळ्यांच्या पेटीतील ती नोंद त्यांनी दुकानातल्या वहीत लिहितात तशीच, तारखेसह आणि वळणदार अक्षरात लिहिली.

तिसरा डबा दक्षिणेला, हग पॉइंटच्या परिसरात होता. किनारा हाच हमरस्ता होता त्या काळी घोडागाड्या या सुळक्याला बिलगून जात. त्यांच्यासाठी कातळात खोदलेली वाट आजही ओहोटीत दिसते. पाच वाजत आले होते आणि पाणी ओसरू लागले होते. फोनवरील बाण वाळूच्या कडेला साचलेल्या ओंडक्यांपलीकडे, झाडीच्या पायथ्याकडे बोट दाखवत होता. अंतर साठ मीटर, मग पन्नास. मुले पुढे धावली आणि थबकली.

ओंडक्यांच्या अलीकडे, वाळूवर, एक सीलचे पिल्लू पडले होते. हातभर लांबीचे, चंदेरी अंगावर काळे ठिपके असलेले. त्याने मान उचलली आणि आवाज काढला. हार्बर सीलच्या पिलांचा आवाज ‘माऽऽ’ असा असतो, प्राणिशास्त्राची पुस्तकेही तो तसाच लिहितात. त्याच्या मोठ्या काळ्या डोळ्यांभोवती ओले वर्तुळ होते आणि गालावरून पाणी ओघळत होते.

आजोबा सोलापूरला पांजरापोळीच्या कामात चाळीस वर्षे आहेत. रस्त्यावर पडलेले जनावर पाहून पुढे जाणे त्यांना ठाऊकच नाही. त्यांनी खांद्यावरील शाल काढली, पाण्याची बाटली हातात घेतली आणि ते चालू लागले. ‘पप्पा, थांबा,’ असे सुनेने म्हटले. ते थांबले नाहीत. तेव्हा तिने पुढे होऊन त्यांचा हात धरला, जे तिने त्यापूर्वी कधी केले नव्हते.

तिने जे सांगितले ते ओरेगॉनमध्ये दर वसंतात सांगावे लागते. हार्बर सीलची मादी एप्रिल ते जूनच्या सुमारास किनाऱ्यावर विते. चार ते सहा आठवडे ती पिलाला दूध पाजते, पण तिला स्वतःला खाण्यासाठी समुद्रात जावे लागते. तेवढे तास पिल्लू वाळूवर एकटे असते. ते टाकलेले नसते, ठेवलेले असते. आई बहुधा लाटांपलीकडून पाहत असते आणि किनाऱ्यावर माणसे किंवा कुत्री दिसली की बाहेर येत नाही. माणसे दीर्घ काळ तिथेच राहिली तर ती परत येणेच सोडू शकते. ओघळणारे डोळेही रडणारे नसतात. सीलच्या डोळ्यांतील पाणी नाकात उतरण्याची वाट नसल्याने ते बाहेर वाहते, आणि ते ओले वर्तुळ पिलाच्या अंगात पुरेसे पाणी असल्याची खूण असते. शालीत गुंडाळल्याने ते तापते, पाणी ओतल्याने गारठते, समुद्रात ढकलल्याने दमते. 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने त्याला हात लावणे गुन्हा आहे. किमान पन्नास यार्ड, म्हणजे सुमारे 45 मीटर, दूर राहावे असे सांगितले जाते.

आजोबा ऐकत होते, पण पाहत होते पिलाकडे. ते पुन्हा ओरडले. जिथे जखमी पक्ष्यांसाठी मंदिराच्या आवारात रुग्णालय चालते, दिल्लीच्या लाल मंदिरातील ते रुग्णालय जगप्रसिद्ध आहे, त्या परंपरेतील माणसाला हात मागे घेणे किती जड जाते हे बाहेरच्याला समजणार नाही. आपल्या जीवदयेची सारी घडण जवळ जाण्याची आहे. चारा घालणे, पाणी ठेवणे, पट्टी बांधणे, कसायाकडून सोडवून आणणे. ज्या जनावराचे सारे जगणे माणसाशी बांधलेले आहे, त्याच्यासाठी हे योग्यच आहे. या पिलाला मात्र माणसाकडून फक्त माणूस नसणे हवे होते. ‘आणि आई नाहीच आली तर?’ असे त्यांनी विचारले. सुनेने उत्तर दिले नाही. तिने सागरी प्राण्यांची नोंद घेणाऱ्या यंत्रणेला फोन करून जागा कळवली. तिकडूनही तेच सांगितले गेले. लांब जा, इतरांनाही लांब ठेवा, चोवीस तासांनी पुन्हा पाहिले जाईल.

डब्याकडे जाण्याची वाट पिलापासून पंधरा-वीस मीटरांवरून होती. ओंडक्यांवरून वळसा घालणेही शक्य नव्हते. या किनाऱ्यावर अचानक येणारी एखादी लाट टनावारी वजनाचा ओंडका लोळवते आणि दरवर्षी त्याबद्दल बजावले जाते. नातवाने एकदा बाणाकडे, एकदा आजोबांकडे पाहिले. आजोबांनी शाल पुन्हा खांद्यावर टाकली, कुत्र्याला घेऊन येणाऱ्या एका वृद्ध बाईंना हाताने लांबूनच थांबण्याची खूण केली, आणि सर्वजण आलेल्या पावलांवरून मागे फिरले.

जिओकॅशिंगमध्ये न सापडलेल्या डब्याचीही नोंद करायची असते. पुष्कळ खेळाडू ती टाळतात. आजोबांचे म्हणणे पडले की वहीत फक्त जमा लिहिणारा व्यापारी टिकत नाही. म्हणून नातीने फोनवर ‘सापडला नाही’ हा पर्याय निवडला आणि कारणात लिहिले, की वाटेत सीलचे पिल्लू झोपले आहे, चार दिवस कोणी येऊ नये. वाळूवरच्या वाहनतळाजवळ ठेपले आणि लोणच्याचे जेवण झाले. मेअखेरीस तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहाराला घाई नव्हती. जेवता जेवता नातवाने प्रश्न काढला, की सील जमिनीवर जन्मतो आणि पाण्यात खातो, तर तो जलचर की स्थलचर? वडिलांनी जलचर म्हटले, ताईने स्थलचर म्हटले, आजींनी प्रश्न पाठशाळेच्या बाईंसाठी राखून ठेवला.

आजोबा वादात नव्हते. ते वाहनतळाच्या कठड्याशी दुर्बीण घेऊन उभे होते. ओंडके दिसत होते, त्यांच्यापुढची वाळू दिसत होती, पण पिल्लू एका मोठ्या बुंध्याआड गेले होते. लाटांच्या मागे मधूनच एक गोल, काळे डोके वर येई, किनाऱ्याकडे पाही आणि बुडे. ते तिचे होते की दुसऱ्या कोणाचे, हे एवढ्या अंतरावरून सांगता येत नव्हते. त्यांनी कोणाला जवळ जाऊ दिले नाही, स्वतःही गेले नाहीत, आणि उजेड असेपर्यंत गाडीत बसले नाहीत.